न मारलेला ठोसा : जुन्या बॉक्सिंग जिमचं स्मरणरंजन



आज सुरुवात एका कबुलीने करायची आहे. याच व्याख्यानमालेत मागे एकदा शैलीविषयी बोलताना आम्ही विली पेपची गोष्ट सांगितली होती. ज्यांनी ती ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात पुन्हा सांगतो. जुलै १९४६, अमेरिकेतलं मिनियापोलिस शहर. पेप हा फेदरवेट गटाचा जगज्जेता, समोर जॅकी ग्रेव्ह्ज नावाचा डावखुरा बॉक्सर. लढतीआधी पेप पत्रकारांना सांगून ठेवतो की तिसऱ्या फेरीत मी एकही ठोसा मारणार नाही आणि तरीही फेरी जिंकेन. आणि तसंच घडतं. तीन मिनिटं पेप नुसता फिरतो, वाकतो, हुलकावण्या देतो, खांदे उडवतो. ग्रेव्ह्ज हवेत ठोसे मारून दमतो आणि पंच ती फेरी पेपला देऊन टाकतात.

सभागृहात त्या दिवशी टाळ्या पडल्या होत्या. पडणारच. मारामारीच्या खेळात न मारता जिंकलेला माणूस कुणाला आवडणार नाही?

नंतर एका श्रोत्याने आम्हाला गाठलं आणि नम्रपणे विचारलं, “सर, त्या दिवशीची वर्तमानपत्रं पाहिलीत का?” आम्ही पाहिली नव्हती. लढत झाली, पेपने ती आठव्या फेरीत जिंकली, हे सगळं खरं. पण त्या काळच्या बातम्यांमध्ये तिसऱ्या फेरीचं जे वर्णन येतं त्यात पेपचे ठोसे आहेत, चांगले भरपूर आहेत. ‘एकही ठोसा न मारता’ हा भाग पुढे सांगोवांगी वाढत गेला आणि मग इतक्या वेळा छापला गेला की आमच्यासारख्यांना तो तपासून पाहावासाही वाटला नाही.

चूक कबूल. पण चूक दुरुस्त केली म्हणजे विषय संपला असं नाही. आम्हाला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. ही गोष्ट खरी असावी असं आम्हाला एवढं मनापासून का वाटलं? आजचं बोलणं त्याविषयी आहे.

जुन्या बॉक्सिंगबद्दल हळहळणाऱ्या लोकांचं म्हणणं साधारण असं असतं. पूर्वी जिम खऱ्या होत्या. अंधारलेल्या, घामाच्या वासाच्या, म्हाताऱ्या ट्रेनरांनी भरलेल्या. तिथून कारागीर बाहेर पडत. पेप, शुगर रे रॉबिन्सन, आर्ची मूर. आता काय, नुसते दंड फुगवलेले धटिंगण. हे म्हणणं खोटं आहे असं आम्हाला सिद्ध करायचं नाही. त्यातलं बरंचसं खरं आहे, आणि तिथेच तर गोची आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या आठव्या अव्हेन्यूवर स्टिलमन्स जिम होती. मालक लू स्टिलमन, कमरेला पिस्तूल लावून बसणारा, तोंडाने फटकळ. जगज्जेता असो नाही तर काल आलेलं पोर, शिव्या दोघांनाही सारख्याच. दोन रिंगा, वर सिगारच्या धुराचा ढग, जमिनीवर थुंकी, खिडक्या कायम बंद. पैसे टाकून कुणीही आत येऊन सराव बघू शकत असे. रिंगच्या कडेला मॅनेजर, दलाल, सट्टेवाले, पत्रकार, आणि कोपऱ्यात व्हायटी बिमस्टीन, चार्ली गोल्डमन यांच्यासारखे ट्रेनर. १९५९ मध्ये ती बंद झाली.

या जागेला अमर केलं ते ए. जे. लीबलिंग या लेखकाने. ‘द न्यू यॉर्कर’चा हा पत्रकार महायुद्धाच्या बातम्या द्यायला फ्रान्समध्ये राहून आलेला, खाण्याचा भलताच शौकीन. १९५५ मध्ये त्याने स्टिलमन्सवर निबंध लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘आठव्या अव्हेन्यूचं विद्यापीठ’. १९५६ मध्ये त्याचे बॉक्सिंगवरचे लेख ‘द स्वीट सायन्स’ या पुस्तकात एकत्र आले. २००२ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने खेळावरच्या सर्वोत्तम पुस्तकांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याच पुस्तकाला मिळाला. आज जुन्या जिमची जी हळहळ चालते तिचं मूळ बरंचसं या पुस्तकात सापडतं. ज्यांनी ते वाचलेलंही नाही ते लोकसुद्धा लीबलिंगच्याच सुरात बोलतात.

आता गंमत बघा. ज्या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्याच काळात बसून लीबलिंग रडतोय! पुस्तकाच्या प्रस्तावनेतच तो म्हणतो की बॉक्सिंग बुडालं, टेलिव्हिजनने बुडवलं. बीअर आणि दाढीची ब्लेडं विकण्यासाठी घरोघरी फुकट लढती दाखवल्या जातात, म्हणून गल्लीबोळातले छोटे क्लब बंद पडतात, पोरांना शिकायला जागा उरत नाही आणि कच्ची पोरं थेट मोठ्या लढतींत ढकलली जातात. शिवाय ‘स्वीट सायन्स’ हे शब्दही त्याचे नाहीत, ते पिअर्स एगनचे. एगन म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या मुठीबाजांवर ‘बॉक्सियाना’ लिहिणारा पत्रकार. म्हणजे आपण लीबलिंगच्या काळासाठी हळहळतो आणि लीबलिंग एगनच्या काळाकडे टक लावून बसलेला.

इथे हुशार माणूस चटकन म्हणेल, बघा, प्रत्येक पिढीला आधीची पिढी थोर वाटते, सगळा मनाचा खेळ आहे. आम्हाला हे उत्तर पटत नाही. फार स्वस्त आहे ते. कारण लीबलिंगचं टेलिव्हिजनबद्दलचं म्हणणं हा मनाचा खेळ नव्हता, तो हिशेब होता. छोटे क्लब बंद पडले हे घडलंच. कसब कमी झालं असेल तर त्याला कारण आहे, आणि ते कारण मोजता येतं.

विली पेप व्यावसायिक बॉक्सर झाला जुलै १९४० मध्ये. पहिली हार झाली मार्च १९४३ मध्ये, सॅमी अँगटकडून. या पावणेतीन वर्षांपेक्षाही कमी काळात त्याने किती लढती जिंकल्या होत्या? ६२. आता आपल्या काळातला बचावाचा सर्वांत मोठा उस्ताद घ्या, फ्लॉइड मेवेदर. १९९६ ते २०१७, एकवीस वर्षांत त्याच्या एकूण लढती ५०. पेप १९६६ मध्ये थांबला तेव्हा त्याच्या नावावर २४१ लढती होत्या, त्यातल्या २२९ जिंकलेल्या. मध्ये, जानेवारी १९४७ मध्ये, विमान अपघातात त्याची पाठ आणि पाय मोडला. त्याच वर्षी जूनमध्ये हा गडी पुन्हा रिंगमध्ये!

हे आकडे आम्ही पहिल्यांदा शेजारी शेजारी मांडले तेव्हा आमचं स्मरणरंजन थोडं हललं. दर दोन-तीन आठवड्यांनी नवा माणूस समोर उभा राहतो. कुणी डावखुरा, कुणी बुटका आणि आत घुसणारा, कुणी डोकं मारणारा. अशा साठ-सत्तर माणसांतून जो पार पडतो त्याच्या अंगात जे मुरतं ते कुठलाही कोच फळ्यावर शिकवू शकत नाही. आपण जिला शैली म्हणतो, ते पाय, ती कंबर, ठोसा यायच्या आधीच तिथून निसटलेलं डोकं, ती या गर्दीतून घडली. जुन्या जिमच्या भिंतींत जादू नव्हती, माणसं होती. एवढी माणसं की रोज वेगळ्या प्रकारच्या बॉक्सरबरोबर सराव करता येई.

आणि एवढी माणसं तिथे का होती? ज्यू पोरं, इटालियन पोरं, आयरिश पोरं, दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांत आलेली काळी पोरं. महामंदीत वाढलेली. पेपचं खरं नाव गुल्येल्मो पापालेओ, कनेक्टिकटमधल्या इटालियन स्थलांतरिताचा मुलगा. दर पंधरवड्याला कुणाच्या तरी ठोशांसमोर उभं राहणं ज्यांना त्यातल्या त्यात बरा पर्याय वाटला अशांची ती गर्दी होती. पुढे परिस्थिती सुधारली, गोऱ्या स्थलांतरितांची मुलं कॉलेजात गेली, जिम रिकाम्या व्हायला लागल्या. टेलिव्हिजनइतकाच हाही हिशेब आहे. तो मात्र लीबलिंगच्या हळहळीत जेमतेम दिसतो. आमच्या टाळ्याखाऊ गोष्टीत तर तो अजिबात नव्हता.

आता लीबलिंगच्या ज्या निबंधावर आम्ही जीव टाकत आलो त्याकडे वळू. नाव आहे ‘एहॅब अँड नेमेसिस’. २१ सप्टेंबर १९५५, यांकी स्टेडियम, हेवीवेटचा जगज्जेता रॉकी मार्सियानो आणि आव्हान देणारा आर्ची मूर. मूर म्हणजे कारागीर. दोन्ही हात आडवे धरून केलेला त्याचा बचाव, वाट बघण्याची चिकाटी, वीस वर्षांचा अनुभव. मार्सियानो म्हणजे बुटका, दणकट, तीन मारण्यासाठी चार खायला तयार. लीबलिंग मूरला ‘मोबी डिक’ कादंबरीतल्या कॅप्टन एहॅबच्या जागी ठेवतो, म्हणजे मार्सियानो तो पांढरा देवमासा. दुसऱ्या फेरीत मूर त्याला खाली पाडतो. अगदी हवा तसा ठोसा, हव्या त्या क्षणी. देवमासा उठतो, चालत येतो, येतच राहतो. नवव्या फेरीत मूर संपतो. कलेला जे जे करता येतं ते सगळं तिने केलं आणि तरी ती हरली, असा त्या निबंधाचा सूर आहे. वाचताना आजही आमचा घसा दाटतो.

पण आता त्यात एक फट दिसते. मार्सियानोला घडवलं कुणी? चार्ली गोल्डमनने. तोच, स्टिलमन्सच्या कोपऱ्यातला म्हातारा. मार्सियानोचे हात आखूड होते, पाय अडखळत. गोल्डमनने त्याला बदलून सुंदर करायचा प्रयत्न केला नाही. त्याला आणखी खाली वाकवलं, ठोसे आखूड केले, उंच माणसाला मारायला सापडणार नाही असा बसका बॉक्सर तयार केला. ही कारागिरी नाही तर काय? म्हणजे यांकी स्टेडियमवर कला आणि बळ असा सामना झालाच नाही. जुन्या जिमचीच दोन अपत्यं समोरासमोर होती. दिसायला एक देखणं, दुसरं ओबडधोबड. आपण देखण्याला कला म्हटलं आणि दुसऱ्याला देवमासा. हळहळ करणाऱ्यांची पहिली खोड ही. त्यांना डोळ्यांना सुखावणारं कसबच दिसतं. (आजच्या मेवेदरची तऱ्हा उलटी. बचाव अस्सल जुन्या घराण्याचा, पण लोक म्हणाले की कंटाळवाणा आहे. तोच माणूस १९४८ च्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर दिसता, तर हेच लोक उसासे टाकते.)

दुसरी खोड जास्त गंभीर. आपण फक्त त्यांच्यासाठी हळहळतो ज्यांना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मिळालं.

चार्ली बर्ली हे नाव सभागृहात किती जणांनी ऐकलंय? दोन हात. ठीक. पिट्सबर्गचा काळा बॉक्सर, वेल्टरवेट आणि मिडलवेट. १९३८-३९ मध्ये तो फ्रिट्झी झिविकशी तीनदा लढला, दोनदा जिंकला. १९४० मध्ये तोच झिविक हेन्री आर्मस्ट्राँगला हरवून जगज्जेता झाला. बर्लीला जगज्जेतेपदासाठी लढायची संधी आयुष्यात एकदाही मिळाली नाही. १९४४ मध्ये त्याने आर्ची मूरला हरवलं. मूर पुढे सांगत असे की मी ज्यांच्याशी लढलो त्यांत हा सर्वांत चांगला. रॉबिन्सन आणि बर्ली यांची लढत कधी झालीच नाही. हरवायला फार अवघड, शिवाय काळा, आणि तिकिटं फारशी न खपवणारा. अशा माणसाला जगज्जेता कशाला हात लावील? त्या वेळी अशा अनेक काळ्या बॉक्सरांना एकमेकांशीच पुन्हा पुन्हा लढावं लागत असे. खुद्द मूरही त्यांच्यातलाच. त्याला संधी मिळाली १९५२ च्या डिसेंबरात, आणि त्या रात्रीच्या पैशांतला मोठा वाटा हरलेल्या जोई मॅक्झिमच्या पदरात पडला.

बर्लीने पुढे पिट्सबर्ग शहराच्या कचरागाडीवर नोकरी केली. त्याच वस्तीत एक मुलगा वाढत होता, ऑगस्ट विल्सन. पुढे तो नाटककार झाला. त्याच्या ‘फेन्सेस’ला १९८७ मध्ये पुलित्झर मिळालं. तुमच्यापैकी अनेकांनी डेन्झेल वॉशिंग्टनचा त्यावरचा सिनेमा पाहिला असेल. त्यातला ट्रॉय मॅक्सन, कचरागाडीवर काम करणारा, उमेदीत थोर खेळाडू असलेला आणि रंगामुळे दार बंद झालेला. नाटकात खेळ बेसबॉल आहे, पण विल्सनच्या मनात हा शेजारचा बर्ली होता. जुन्या जिमवरचं आम्हाला माहीत असलेलं सर्वांत खरं लिखाण कदाचित हेच. त्यात जिम एकदाही दिसत नाही.

आणि ज्यांना संधी मिळत होती त्यांची सूत्रं कुणाच्या हातात होती? फ्रँकी कार्बो नावाच्या गुंडाच्या आणि इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबच्या. १९६० मध्ये सिनेटच्या समितीपुढे जेक लामोटाने सांगितलं की १९४७ ची बिली फॉक्सबरोबरची लढत आपण मुद्दाम हरलो. लीबलिंगला हे जग ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! पण त्याच्या गद्यात हे दलाल, हे बेरकी मॅनेजर विनोदी पात्रं होऊन येतात. हसवतात. वाचक हसला की हिशेब मागायला विसरतो. लीबलिंगवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि तो आम्ही वीस वर्षं त्याच्या विनोदांवर हसल्यानंतर घेतोय, हेही नोंदवून ठेवा.

आता परत पेपकडे, कारण खरी अडचण तिथे आहे. शैलीदार बॉक्सरवर आपण प्रेम करतो त्यात एक सुटकेची भावना असते. मार न खाता, जवळजवळ न मारता जिंकता येतं, असं तो आपल्याला दाखवतो. मग आपल्याला बॉक्सिंग बघण्याची लाज वाटत नाही. कुणाचं डोकं फुटताना नव्हे, आम्ही नृत्य बघत होतो, असं म्हणता येतं. ती न मारलेल्या ठोशाची गोष्ट आम्हाला हवीहवीशी वाटली ती यासाठी.

१९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड या न्यू जर्सीच्या डॉक्टरने ‘पंच ड्रंक’ या नावाचा एक लेख वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. हा शब्द त्याने जिमवाल्यांकडूनच उचलला. लोकांना आधीपासून माहीत होतं की बॉक्सर पुढे झिंगल्यासारखे चालतात, अडखळत बोलतात. त्याने लिहिलं की हा आजार बहुधा डोक्यावर मार घेत लढणाऱ्यांना होतो, आणि सरावात ज्यांचा वापर होतो त्या दुय्यम दर्जाच्या बॉक्सरांना. दुसरी गोष्ट जरा थांबून ऐका. सरावातले बॉक्सर. म्हणजे ती जिम. कुणाच्या तरी शैलीला धार यावी म्हणून रोज समोर उभे केलेले लोक. त्यांची नावं कुठल्याही हळहळीत येत नाहीत.

आणि शैलीदारांचं काय झालं? पेप २००६ मध्ये वारला तेव्हा कितीतरी काळ स्मृतिभ्रंशात होता. रॉबिन्सनला अल्झायमर झाला, १९८९ मध्ये तो गेला. महंमद अलींचा थरथरणारा हात तर सगळ्या जगाने पाहिला. हे तिघंही उत्तम चुकवणारे. एका फेरीत ते कमी मार खात, यात शंका नाही. पण चांगला चुकवतो म्हणूनच तो पुन्हा पुढच्या पंधरवड्यात लढू शकतो, त्याला पुन्हा उभं करता येतं, पंचविशीत आणि पस्तिशीतही. २४१ लढती उगाच होत नाहीत. दर वेळी थोडंच लागतं, पण किती वेळा?

आमच्या स्मरणरंजनात हा गुणाकारच नव्हता. त्या कसबासाठी हळहळणं म्हणजे त्या लढतींच्या संख्येसाठी हळहळणं. संख्या वजा करून कसब परत मागता येत नाही. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू मँचिनीबरोबरच्या लढतीनंतर मरण पावला आणि जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या, तेव्हाही खेळ मऊ झाला म्हणून कुरकुर झालीच होती. ती करणारे सगळे रिंगच्या बाहेर बसलेले.

मागच्या रांगेतून मघाशी कुणीतरी ‘तालीम’ म्हणालं, ते ऐकू आलं. हो, आपल्याकडेही मॅट आली आणि मातीतले डाव गेले, वस्ताद गेले, असं आपण बोलतोच. पण कुस्ती आणि बॉक्सिंग एका तागडीत घालू नका. चीतपट झालेला मल्ल अंगाची माती झटकून उठतो. नॉकआउट झालेल्या बॉक्सरच्या मेंदूला हादरा बसलेला असतो. तुलना तिथेच तुटते, म्हणून तो विषय आज बाजूला.

मग जिम या जागेविषयी काहीच चांगलं म्हणायचं नाही का? म्हणायचं आहे, पण लीबलिंगकडून नको. लोइक वाकाँ नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९८८ मध्ये शिकागोच्या काळ्या वस्तीतल्या वुडलॉन भागातल्या जिममध्ये शिरला. वस्ती अभ्यासायला गेला आणि तीन वर्षं स्वतःच बॉक्सिंग शिकत राहिला, शिकागोच्या गोल्डन ग्लोव्ह्ज स्पर्धेत उतरला, नाक फोडून घेतलं. त्याचं ‘बॉडी अँड सोल’ वाचा. त्यात धूर नाही, सिगार नाही. बाहेरच्या रस्त्यापेक्षा आत जास्त शिस्त आणि जास्त सुरक्षितता आहे, हे त्याला दिसलं. बोलण्यातून फार थोडं शिकवलं जातं. पोरं एकमेकांकडे बघून शिकतात, आरशात बघून, शेजारच्या बॅगवरचा ताल ऐकून. पुस्तकातून बॉक्सिंग शिकण्याची कल्पना तिथल्या म्हाताऱ्या ट्रेनरला पटतच नसे. गेलं म्हणून खरंच वाईट वाटावं असं काही असेल तर ते हे. शाळेने टाकलेल्या पोरांना इतक्या बारकाईने काही शिकवणारी दुसरी जागा त्या वस्तीत नव्हती.

डेट्रॉइटची क्रॉन्क जिमही तशीच. महापालिकेच्या क्रीडाकेंद्राचं तळघर, आत भट्टीसारखं तापवलेलं, इमॅन्युएल स्टुअर्ड शिकवायला, तिथून टॉमी हर्न्स निघाला. ते केंद्र २००६ मध्ये बंद पडलं, २०१७ मध्ये रिकाम्या इमारतीला आग लागली. ज्या शहराचे कारखाने गेले, माणसं गेली, त्याची जिम कशी राहणार? आणि दुसरीकडे विटांच्या उघड्या भिंती, जुनी पोस्टर्स, पिवळे दिवे लावून ‘जुन्या धाटणीच्या’ जिम उघडतायत. संध्याकाळी ऑफिस सुटलं की लोक तिथे बॅगेवर ठोसे मारतात आणि घरी जातात. त्यात वाईट काही नाही. व्यायाम चांगलाच. खाली फरशीवर रक्त नाही, हेही चांगलंच.

प्रश्नांना वेळ ठेवायची आहे, म्हणून आता आमचं बोलणं थांबवतो. त्याआधी पाच मिनिटं दिवे बंद करू. चार्ली बर्लीच्या लढतींचं चित्रीकरण फारच थोडं उरलंय. हे १९४६ चं, समोर ओकलंडचा बिली स्मिथ. आवाज नाही, चित्रही अंधुक आहे. बर्लीच्या डाव्या पायाकडे लक्ष ठेवा.